आधी आवाज आला

वकील का व्हायचंय, असं क्षितिजा तरेला कुणी विचारलं की तिच्याकडे उत्तर तयार असे. ती कोनजवळच्या अपघाताची गोष्ट सांगायची.

तेव्हा ती एफ.वाय.बी.ए.ला होती. टेमघरहून भिवंडीतल्या कॉलेजात जायची आणि एक दिवसाआड कल्याणला इंग्रजीच्या क्लासला. जानेवारीतल्या एका दुपारी ती क्लासहून सहा आसनी रिक्षानं परत येत होती. कोनच्या अलीकडे सुताच्या गोण्या भरलेला एक टेम्पो रिक्षाला ओलांडून पुढे गेला आणि रस्त्याच्या कडेनं भाजीची पाटी घेऊन चाललेल्या बाईला त्यानं उडवलं. रिक्षा थांबली. माणसं उतरली, बघून आली, आणि पोलिसांची भानगड नको म्हणून एकेक करत पुन्हा आत बसली. क्षितिजा बसली नाही. तिनं बाईचं डोकं मांडीवर घेतलं, आपली ओढणी तिच्या पायाला बांधली, दुसरी गाडी थांबवून तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन ती चौकीवर गेली आणि जबाब देऊन आली.

बाईचं नाव गोदू. मूळची गणेशपुरीकडची. मुलगा दामू कोनला गोदामात हमालीला लागला म्हणून तीही इकडे आलेली, भाजी विकायची. तिचा उजवा पाय मांडीत मोडला तो नीट जुळलाच नाही. टेम्पो चालवणारा भावेश कोनचाच पोरगा, आणि टेम्पो त्याचा काका चंद्राशेठ याचा. चंद्राशेठ क्षितिजाच्या वडिलांच्या, म्हणजे केसरीनाथच्या लांबच्या नात्यातला.

त्या दिवशी सगळे गप्प बसले आणि आपण बोललो, हे क्षितिजाच्या मनात पक्कं बसलं. ही गोष्ट तिनं कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितली, तेव्हा पहिलं बक्षीस मिळालं. मामाकडे सांगितली, मैत्रिणींना सांगितली. सांगता सांगता गोष्ट घट्ट होत गेली. ‘भरधाव’ हा शब्द त्यात कधी आला, आणि ‘माझ्या डोळ्यांदेखत’ कधी आलं, हे तिला सांगता आलं नसतं.

टी.वाय.चं वर्ष सुरू झालं तशी तिच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. लॉ कॉलेजला प्रवेश पदवीच्या मार्कांवर, आणि तिला मुंबईचं सरकारी कॉलेज हवं होतं. तिथे फर्स्ट क्लासखाली विचारायला जाण्यात अर्थ नव्हता. राज्यशास्त्राच्या नोट्स ती उभ्यानं पाठ करायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेजारच्या गाळ्यात कापडाचे लूम चालू असायचे. त्या खटखटाटात तिचा अभ्यास छान व्हायचा. भारनियमनात लाइट जाऊन लूम एकदम थांबले की मात्र तिचं लक्ष उडायचं. मग ती चप्पल घालून बाहेर पडायची. आई, कमळाबाई, म्हणायची, “जरा बूड टेकव गं एका जागी. वकील काय चालत चालत होतात?”

“कोर्टात उभंच राहायचं असतं, आई.”

जूनमध्ये केसरीनाथनं ओळख काढून तिला सावळाराम मढवी वकिलांकडे नेलं. मढवी वकील साठीचे, आवाज बारीक, कधी घाईत नसत. भिवंडी कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “वकील का व्हायचंय?”

क्षितिजानं गोष्ट सांगितली. मढवी वकिलांनी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, “आणि इंग्रजीचं कसं? पुढे सगळं इंग्रजीत आहे.”

“तेव्हापासूनच करतेय, सर. येताजाताना रिक्षातसुद्धा शब्दांची वही उघडीच असायची माझी. त्या दिवशीही हातात होती.” ती थोडं अभिमानानंच बोलली.

“शनिवारी येत जा,” ते म्हणाले. “फायलींना हात लावायचा नाही. कोर्टात मागच्या बाकावर बसायचं, आणि साक्षीदार बोलायला लागला की वकिलाकडे नाही, साक्षीदाराकडे बघायचं.”

ते दिवस चांगले गेले. कॉलेज नसलं की ती एरवीही कोर्टात जाऊन बसायची. मारामारीच्या, न वटलेल्या चेकच्या, हद्दीच्या केसेस. उलटतपासणीत साक्षीदार अडखळला की तिच्या अंगावर काटा यायचा. आता हा पडणार, हे तिला आधीच कळू लागलं होतं. एक वाक्य तर रोज कानावर यायचं: ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते, ते माझ्या जबाबात का लिहिलेले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ हे ऐकलं की ती मनात म्हणायची, खोटारडा. संध्याकाळी मढवी वकील तिला विचारायचे, आज कोण खरं बोललं? ती ठामपणे नाव सांगायची. ते मान हलवायचे, हो म्हणायचे नाहीत की नाही म्हणायचे नाहीत.

दिवाळीनंतर ती गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही.

“आता अभ्यासाला लाग,” ते म्हणाले. “परीक्षा होईपर्यंत येऊ नकोस.”

“मी अभ्यास करून येते, सर. शनिवारीच तर येते.”

“नको. आणि कोर्टातही बसू नकोस सध्या.”

त्यांचा स्वर नेहमीसारखाच होता, पण नजर टेबलावर होती. क्षितिजा जिना उतरून खाली आली. आपलं काय चुकलं? वायफळ बोललो का? कुणी काही सांगितलं का? पुढचे कित्येक दिवस पुस्तक उघडलं की तिला तो जिना दिसायचा. पान उलटायचं राहून जायचं.

जानेवारीच्या शेवटी पोलीस समन्स घेऊन घरी आला. कोनची अपघाताची केस सुनावणीसाठी बोर्डावर आली होती. क्षितिजा सरकारी साक्षीदार होती.

तिला एकदम हलकं वाटलं. इतके महिने मागच्या बाकावर बसून जे पाहिलं ते आता पिंजऱ्यात उभं राहून करायचं. तिनं कोरा ड्रेस इस्त्री करून ठेवला.

दोन दिवसांनी चंद्राशेठ आला. ओसरीवर बसून इकडचं तिकडचं बोलला, भाताचं, गोदामाच्या भाड्याचं. मग म्हणाला, “केसरीभाऊ, पोराचं लग्न ठरतंय. लायसन गेला तर धंदा बसंल. पोरीला जरा सांग ना. फार काय न्हाय, आठवत न्हाय बोलली तरी बास.”

“मी न्हाय सांगणार,” केसरीनाथ म्हणाला. “तिनं बघितलंय, ती बोलंल.”

क्षितिजा आतल्या दारात उभी होती. “काका, मी सगळं सांगणार आहे,” ती म्हणाली. चंद्राशेठनं चहा अर्धा ठेवला आणि उठला.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. गोदू भिंतीला टेकून काठी धरून बसली होती, शेजारी दामू. त्यानं क्षितिजाला हात जोडले. सरकारी वकील बाईंच्या हातात फायलींचा गठ्ठा होता. त्यांनी चालता चालताच तिच्या जबाबाचा कागद दाखवला. “वाचून घ्या. याप्रमाणे बोला, इकडेतिकडे जाऊ नका.”

तो कागद क्षितिजा तेव्हापासून आज प्रथमच पाहत होती. ‘सदर टेम्पो चालकाने आपले ताब्यातील वाहन हयगयीने व भरधाव वेगाने चालवून माझे समक्ष सदर महिलेस धडक दिली.’ खाली तिची सही. हवालदारानं लिहिलं होतं आणि वाचून दाखवलं होतं. तेव्हा तिला ते फार नेटकं वाटलं होतं. आज वाचताना वाटलं, हे माझं बोलणं नाही.

पण विचार करायला वेळ नव्हता. गोदूची साक्ष आधी झाली. तेवढा वेळ क्षितिजाला बाहेर थांबायला लावलं. मग पट्टेवाल्यानं पुकारा केला आणि ती आत गेली. शपथ घेतली. वळून पाहिलं तर आरोपीच्या वकिलाच्या जागी मढवी वकील बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सरकारी वकिलांचे प्रश्न लवकर संपले. क्षितिजानं जबाबातलं बरंचसं सांगितलं. ‘भरधाव’सुद्धा तोंडातून गेलं, सवयीनं. मग मढवी वकील उठले.

“आपलं शिक्षण?”

“टी.वाय.बी.ए.ला आहे.”

“पुढे कायद्याला जायचा विचार आहे.”

“हो.”

“आपण त्या वेळी कल्याणला इंग्रजीच्या क्लासला जायचात. येताजाताना रिक्षात अभ्यास करायची सवय होती?”

त्यांच्या खोलीतला जूनमधला तो चहा तिला आठवला.

“हो.”

“त्या दिवशी हातात काय होतं?”

“शब्दांची वही.”

“उघडी होती?”

“हो.”

“वाचत होतात?”

“हो.”

“मग मान वर कधी केलीत?”

इतक्या वेळा तिनं ही गोष्ट सांगितली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. ती त्या रिक्षात परत गेली. कडेची जागा. गुडघ्यावर वही. एक शब्द तिला राहतच नव्हता, म्हणून डोळे मिटून त्याचं स्पेलिंग घोकत होती. रिक्षा एकदम हलली, वाऱ्याचा झोत आला, वहीचं पान उडालं म्हणून तिनं अंगठा दाबला. आणि मग तो आवाज, पाण्याची भरलेली कळशी फरशीवर पडावी तसा.

समोर सरकारी वकील बाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. ‘धडक देताना पाहिलं’ एवढं म्हणायचं होतं. कुणालाही ते खोटं ठरवता आलं नसतं.

“आवाज आला तेव्हा,” ती म्हणाली.

“आधी आवाज आला, मग आपण वर पाहिलंत?”

“हो. आधी आवाज आला.”

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगायला सुरुवात केली. “आवाज ऐकल्यानंतर मी वर पाहिले. टेम्पोने सदर महिलेस धडक देताना मी प्रत्यक्ष पाहिले नाही, हे म्हणणे खरे आहे.”

“टेम्पोचा वेग आपण पाहिलात?” मढवी वकिलांनी विचारलं.

“रिक्षा हलली होती. वारा आला.”

“पाहिलात का?”

“नाही.”

“एवढंच,” ते म्हणाले आणि बसायला लागले.

“पण मी वर पाहिलं तेव्हा टेम्पो थांबत होता,” क्षितिजा बोलली. तिला आता थांबवत नव्हतं. “त्याची डावीकडची चाकं डांबराच्या खाली होती. मातीत. ते मी पाहिलं. ती बाई रस्त्यात नव्हती, कडेच्या मातीतच पडली होती. टेम्पो खाली उतरला होता.”

मढवी वकील पुन्हा उभे राहिले. जबाबाचा कागद तिच्या हातात दिला. “हे यात कुठे लिहिलंय, दाखवा.”

लिहिलेलं नव्हतं. तिनं हवालदाराला चाकांचं सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, ते आपण पंचनाम्यात घेऊ.

“मी पोलिसांना तसं सांगितलं होतं,” क्षितिजा म्हणाली. “ते जबाबात का लिहिलेलं नाही याचं कारण…”

पुढचं वाक्य न्यायाधीशांनीच टायपिस्टला सांगून टाकलं. त्यांना ते पाठ होतं. मागच्या बाकावर कुणीतरी शिकाऊ बसलं होतं, आणि क्षितिजाला खात्री होती की ते मनात काय म्हणत असणार.

“आरोपीला गुंतवण्यासाठी चाकांचं आपण आज नव्यानं सांगताय,” मढवी वकील म्हणाले.

“हे खरं नाही.”

“उलटतपासणी संपली, साहेब.”

बाहेर व्हरांड्यात दामू तिची वाट अडवून उभा राहिला. “किती घेतलं ताई?” त्यानं विचारलं. तो रागावला नव्हता, खरंच माहिती करून घ्यायची असल्यासारखं विचारत होता. गोदूनं मान फिरवली.

मग अभ्यासाचे तीनतेरा वाजले. पुस्तक उघडावं तर प्रत्येक वाक्यावर वाटायचं, हे मला खरंच कळलंय की नुसतं कळलंय असं वाटतंय? जेवताना उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. पायऱ्यांवर बसून टेमघरच्या नाक्याकडे जाणारी माणसं बघायची. आपण त्या दिवशी बोललो म्हणून आपण वेगळ्या, असं मनात धरून इतकी वर्षं काढली. आणि नेमकं जे पाहिलं नव्हतं तेच गावभर सांगत सुटलो. मग असल्या पोरीनं कसलं लॉ करायचं?

चार दिवसांनी ती मढवी वकिलांकडे गेली. ते एकटेच होते.

“मी तुम्हाला गप्पांत सांगितलं होतं ते,” ती उभ्यानंच म्हणाली. “वहीचं.”

“हो. तेच वापरलं.”

“ही केस तुमच्याकडे आहे हे मला सांगायचं होतंत.”

“तेव्हा नव्हती. दिवाळीत आली. आधीचा वकील वारला. साक्षीदारांत तुझं नाव वाचलं, आणि तुला येऊ नको म्हटलं. त्याहून जास्त काय सांगणार होतो? समोरच्या साक्षीदाराशी एक शब्द बोललो असतो तरी ते साक्ष पढवणं झालं असतं.”

“मग केस घ्यायची नव्हतीत.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “घेतली,” ते म्हणाले. “त्याला दुसरं कुणी चांगलं मिळालं नसतं. आणि एक सांग. मी विचारलं नसतं तर तू न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगून गेली असतीस. त्यावर तो पोरगा आत गेला असता. चाललं असतं तुला?”

“पण चाकं मी पाहिली होती,” ती म्हणाली.

“असतील.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझ्या अशिलानं मला काय सांगितलं ते तुला सांगणार नाही. तूही उद्या वकील झाल्यावर सांगू नकोस कुणाला.” मग ते म्हणाले, “परीक्षा झाल्यावर ये परत. शनिवारी.”

“बघते, सर,” क्षितिजा म्हणाली. खाली उतरताना तिला राग आठवून आठवून आणावा लागत होता, आणि त्याचाच तिला राग येत होता. कारण त्यांचे प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हते. किती साधे होते. हातात काय होतं. उघडी होती का. एकही शब्द चढा नाही. आपल्याला असंच विचारता यायला हवं, हे पिंजऱ्यात उभी असतानाही तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि त्याची तिला शरम वाटत होती.

मार्चमध्ये भावेश संशयाचा फायदा मिळून सुटला. त्याच दिवशी चंद्राशेठनं पेढ्यांचा मोठा बॉक्स पाठवला.

“आपल्या माणसाला सांभाळलंस, असं बोललाय,” केसरीनाथ म्हणाला. तो क्षितिजाकडे न बघता बोलत होता.

“मी कुणाला सांभाळलं नाही, बाबा. तुम्हालाही तसंच वाटतं का?”

“मना काय वाटतं त्याला काय हाय? झालं ते बरंच झालं. आता परत केलं तर त्याचा अपमान होईल.”

“होऊ दे.”

ती बॉक्स घेऊन कोनला गेली. चंद्राशेठ घरी नव्हता. अंगणात भावेश टेम्पो धूत होता. तिला बघून त्यानं पाइप खाली टाकला. क्षितिजानं बॉक्स ओट्यावर ठेवला. “काकांना सांग, मी त्यांच्यासाठी काही केलेलं नाही.”

भावेशनं मान डोलावली. ती वळली तसा तो मागून म्हणाला, “ताई, ते चाकांचं तू बोललीस ना. ते बरोबर होतं.”

ती थांबली.

“पुढून एसटी आली. मी गाडी खाली घेतली. म्हातारी दिसलीच न्हाय.” तो टेम्पोच्या चाकाकडे बघत होता. “दवाखान्यात गेलो होतो मी तिला बघाया. दामूनं हाकलला.”

“मग कोर्टात का नाही बोललास?”

“जजसाहेबांनी विचारला तेव्हा खोटं आहे एवढंच बोलायचं, असं ठरलं होतं. सगळे तसंच बोलतात.”

“आता बोलशील? गोदूबाईंचा नुकसानभरपाईचा दावा ठाण्याला चालू आहे. तिथे येऊन सांगशील?”

भावेशनं पाइप उचलला. “काका घराबाहेर काढंल,” तो म्हणाला आणि पुन्हा पाणी मारायला लागला.

परतीच्या रिक्षात क्षितिजा रस्त्याची कड बघत आली. डांबर कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते. आपण पाहिलं ते खरं होतं, हे आता तिला आणि भावेशला माहीत होतं, आणि कोर्टाच्या लेखी ते मागाहून रचलेलं होतं. तिला वाटलं होतं, हे कळल्यावर मन शांत होईल. तसं झालं नाही. उलट आता स्वस्थ बसणं आणखी कठीण झालं.

परीक्षा तिनं कशीबशी दिली. मे महिन्यात एक दिवस ती आईला सांगून गणेशपुरीच्या एसटीत बसली. केस पडल्यावर गोदू माहेरच्या घरी गेली होती. भाजीची पाटी आता तिला उचलत नव्हती. घर शोधायला वेळ लागला. गोदू अंगणात कडधान्य निवडत होती, पाय लांब करून. दामूही आलेला होता. त्यानं क्षितिजाला बघून तोंड फिरवलं.

क्षितिजा जमिनीवरच बसली. “मावशी, त्यानं तुम्हाला उडवलं ते मी पाहिलं नव्हतं,” ती म्हणाली. “मला वाटत होतं मी पाहिलंय. विचारल्यावर आठवलं. खोटं कसं बोलू? पण चाकं खाली उतरलेली मी पाहिली. ठाण्याला यायला मी तयार आहे. तेवढंच सांगेन. त्याच्या पलीकडे एक शब्द सांगणार नाही.”

“तेवढ्यानं काय होनार हाय?” दामू म्हणाला.

“माहीत नाही.”

गोदूनं सुपातला खडा उचलून लांब टाकला. “माझं डोकं हिनं मांडीवर घेतलेलं,” ती दामूला म्हणाली. “ते मना याद हाय. बाकी मना बी काय दिसलं न्हाय. मागून आला तो.” मग क्षितिजाला म्हणाली, “जेवून जा.”

जूनमध्ये निकाल लागला. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. मुंबईचं कॉलेज गेलं. क्षितिजा एक दिवस रडली, आणि मग ठाण्याच्या लॉ कॉलेजचा फॉर्म भरून आली. मढवी वकिलांकडे ती गेली नाही. केसरीनाथनं एकदा विषय काढला, तेव्हा म्हणाली, “जाईन. पण आत्ता नाही.”

दाव्याची तारीख ऑगस्टमध्ये लागली. गोदूच्या वकिलानं बाहेर तिला सांगितलं, “ताई, भरधाव म्हणायला विसरू नका.” क्षितिजा म्हणाली, “ते मी पाहिलं नाही. मला विचारू नका.” तो वैतागला, पण त्यानं विचारलं नाही. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलानं मात्र भिवंडीच्या साक्षीची नक्कल तिच्यापुढे धरली. “इथे आपणच म्हणालात, धडक पाहिली नाही.”

“धडक पाहिली नाही,” ती म्हणाली. “चाकं मातीत होती ते पाहिलं. तिथेही दोन्ही सांगितलं होतं. दोन्ही त्यात लिहिलेलं आहे, पुढचं पान बघा.”

त्यानं पुढचं पान पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. या दाव्याचा निकाल लागायला वर्ष जायचं होतं, आणि तो गोदूच्या बाजूनं लागणार होता. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. तिघं एसटी स्टँडवर येऊन बसले. दामू चौकशीच्या खिडकीवर गेला.

“तू वकील झालीस का मंग मना बी असंच इचारशील?” गोदूनं विचारलं. “त्या काल्या कोटवाल्यावानी?”

क्षितिजानं जरा विचार केला. “समोरच्या बाजूला असले तर विचारावं लागेल, मावशी.”

“मंग इचार. पन आधी बस बोल. भिवंडीला मी पूर्ण येळ उभीच होती. पाय थरथरत होता. कुनी बोललंच न्हाय बस म्हनून.”

क्षितिजा त्या वेळी बाहेर होती. तिला हे माहीत नव्हतं. “मढवी वकीलही नाही बोलले?”

“कुनीच न्हाय.”

एसटी लागली. दामूनं गोदूला मागून धरून वर चढवलं, क्षितिजानं काठी खिडकीतून आत दिली. गाडी हलली तशी ती कॉलेजकडे निघाली, जवळजवळ धावतच. पहिलं लेक्चर बुडालं होतं. दुसरं करार कायद्याचं होतं. ती दार लोटून आत गेली आणि कडेच्या बाकावर बसली. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. ते उतरवून घ्यायच्या ऐवजी तिनं शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, “साक्षीपुराव्याचा कायदा कधी असतो आपल्याला?”

“तो शेवटच्या वर्षाला,” ती मुलगी म्हणाली. “इतकी काय घाई आहे तुला?”